कुंकू लागलेला मिक्सर

मी उमरेडची. बाबा हातमागावर लुगडे विणत. चौथीत शाळा सुटली, मंग लगन होऊन इथं नंदनवन वस्तीत आली. मायं माणूस मिक्सर-पंखे सुधारते अन् मी हातगाडी घेऊन फिरते, बंद पडलेली इस्त्री द्या, जुना पंखा द्या, मिक्सर द्या, असं ओरडत. काय सांगू तुमाले, माया आवाज गल्लीतले कुत्रे बी ओळखतात! सुधरण्यासारखं आमी सुधरवतो, बाकीचं पोत्यात भरतो. हप्त्यातून एकदा गाडी येते, कारखान्यात नेते, तिथं तांबं वेगळं, प्लास्टिक वेगळं. पैले आमी बी तांब्यासाठी वायरी जाळत होतो, पण धुरानं मायी पोरगी खोकून खोकून हैराण झाली, तवापासून काडी नाही लावली.

हां, तर मिक्सरचं सांगत होती. दसऱ्याच्या साफसफाईत एका घरच्या सुनेनं बंद मिक्सर देला. त्याच्यावर हळदी-कुंकवाचे वाळलेले बोटं. नवमीले घरोघरी मशिनीची पूजा होतेच ना, मले काई वेगळं वाटलं नाही, टाकला पोत्यात.

नवमीच्या सकाळी कारखान्याची गाडी आमच्या दारात उभी, पोते चढून राहिले, अन् त्या सुनेचे सासरे, रिटायर झालेले काका, बिनाचपलेचे धावत आले. बाई, माया मिक्सर? काकू दोन वर्षांपैले वारल्या, मिक्सर बी तवाचाच बंद, पण काकू पूजा करत म्हणून काका दर नवमीले काकूच्या कुंकवाच्या बाजूले आपलं कुंकू लावत. ताट घेऊन बसले तर मिक्सरच नाही! मांगं सून रडून राहिली, म्हणे बाबा, तुमी कधी बोललेच नाही, मले कसं समजन?

ड्रायव्हर म्हणे पाच पोते चढले, आता कोण उतरवते? मी म्हटलं मी उतरवते, हट तू. चौथ्या पोत्यात सापडला, कुंकवानंच ओळखला.

मी म्हटलं काका, काहून नाई सुधरवला गा दोन वर्ष? तर म्हणे खोलला असता तं तिच्या हातचं कुंकू पुसलं असतं.

माया माणसानं पेचकस काढला. मिक्सर उलटा केला, कुंकवाले हात न लावता खालून खोलला. मोटरीले करंट देणारे नुसते दोन कार्बन झिजले होते! नवे टाकले, बटन दाबलं, घर्रर्र! काका हसले, अन् हसता हसता रडले.

आता त्याच मिक्सरात काका जवसाची चटणी करतात, मले डबा देतात. मीठ दरवेळी जास्त. तरी खाते बापा, बोलणार कोण. अन् आजूबाजूच्याईचे जुने टीव्ही-इस्त्र्या मायासाठी आपल्या ओसरीत गोळा करून ठेवतात.

मी मातर आता कोणाच्या बी वस्तूले हात लावायच्या पैले विचारते, घरच्या सगळ्याईले विचारलं काय वं? बायका हसतात. हसू द्या, सुखी राहा म्हणते, अन् एखादी आत जाऊन विचारून येईपर्यंत थांबते.