आधी पायी, मग चाकावर

नाही, पण मी म्हणतो, सायकलने टेकडी उतरायची तर आधी ती पायी उतरून बघायची, ही कुठली पद्धत? तुम्हाला सांगतो, आमच्या सासूबाई! वय एकाहत्तर, चाळीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर, भल्या भल्या डॉक्टरांना "कापसाचे बोळे मोजून झाल्याशिवाय टाके घालायचे नाहीत!" असं सुनावणारी बाई... निवृत्त झाल्यावर हिला नाद लागला कसला? डोंगरात सायकल चालवण्याचा! लोक या वयात जिन्याचा कठडा धरतात हो! मानलं सासूबाईंना!

तर त्या रविवारी सकाळी आम्ही तिघं. सासूबाई, माझी अकरा वर्षांची लेक आणि मी, पंचेचाळीसचा, ऐन उमेदीतला. माथ्यावर पोहोचलो आणि मोजणी सुरू. "पुढचा ब्रेक?" "आहे!" "मागचा?" "आहे!" "हेल्मेटचा पट्टा?" "आहे!" लेक खणखणीत उत्तरं देतेय, मी आपला घड्याळ बघतोय. मग आजी-नात सायकली ठेवून निघाल्या की पायी! प्रत्येक वळण बघणार, दगड पायाने हलवून बघणार, परत चढून वर येणार... मी म्हटलं, "आई, मी थांबतो इथेच, मला अंदाज आहे." तर म्हणतात, "जावईबापू, आमच्याकडे अंदाजाने कुणी टाके घालत नव्हतं." मानलं सासूबाईंना!

बरं, वर आल्यावर मला सांगतात, "तुम्ही मागे राहा. पुढचा जे करतो तेच मागचं पोर करतं." मागे? बाप? लेकीसमोर? मी म्हटलं, छे छे, पुढे मीच! आणि सुटलो की... वारा काय, वेग काय, वा! तिसऱ्या वळणावर झाडाचं हे एवढं मूळ, ओलं, आडवं पडलेलं. मी काय केलं? पुढचा ब्रेक, गच्च! सायकल थांबली हो. मी नाही थांबलो!

खरं सांगतो, झुडपात पडलो त्याचं काही वाटलं नाही. धास्ती बसली ती वेगळीच... लेक माझ्या मागेच होती! मान वर करून बघतो तर बाईसाहेब मुळाच्या अलीकडे शांतपणे उतरलेल्या. सायकल हातात, पाय जमिनीवर. "बाबा, हे मूळ आजीने दाखवलंय मला. इथे मी उतरायचं. बारा वर्षं पूर्ण झाली की सायकलवरूनच जायचं." लाज नाही, हट्ट नाही, काही नाही! डोळे भरून आले माझे, मातीने नव्हे. आणि मागून आल्या एकाहत्तर वर्षांच्या आजी, पेडलवर उभ्या, कंबर मागे, त्याच मुळावरून अलगद! खाली उतरल्या आणि पहिलं काय केलं? माझी बोटं मोजली! दहा भरली तेव्हा श्वास सोडला. मानलं हो, मानलं सासूबाईंना!

तेव्हापासून क्रम ठरलाय. पुढे आजी, मध्ये नात, शेवटी मी. मूळ जवळ आलं की पुढून आवाज येतो, "बाबा, उतर!" उतरतो. पुढच्या महिन्यात लेकीला बारा पूर्ण होतील, ती मुळावरून सायकलवरच जाणार. परवा धीर करून विचारलं, "आई, आणि मी?"

सासूबाई ब्रेकची तार तपासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुमचं बघू... मोठे झालात की."