दोन नंबर

काराकोलच्या दवाखान्यात मानसोपचाराच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी बालवाडीच्या दोन शिक्षिका बसल्या होत्या.

“बुरुलताई, मी घरी जाते. बत्तीस पोरं सांभाळणारी बाई वेडी झाली म्हणतील.”

“बस गं, सइकाल. बत्तीस पोरं सांभाळून शहाणी राहिलेली एक तरी दाखव.”

“दुपारी वर्गात पोरं झोपली की मी बाथरूममध्ये रडते. काल नूरेलनं पाहिलं. म्हणाला, बाई, तुम्हाला कोण चावलं?”

“मग?”

“हसू आलं. महिन्याभरात पहिल्यांदाच.”

“डॉक्टरांना दोन्ही सांग.”

“तुम्ही याल आत?”

“तुझ्यानंतर माझाच नंबर आहे.”

“तुमचा? तुम्ही तर दिवसभर गाता!”

“गाते गं. घरी गेले की तोंडातून शब्द फुटत नाही.”

तेवढ्यात नाव पुकारलं. सइकालनं ताईंचा हात धरला आणि दोघी उठल्या.

“एकेकीनं या,” नर्स म्हणाली.

“आम्हाला हात धरूनच रांगेत चालायची सवय आहे,” सइकाल म्हणाली.