तिबोटी खंड्याचा पत्ता

आमच्या मंदारपुढे पक्ष्यांचा विषय काढू नका, एकदम गप्प होतो तो. मागच्या श्रावणात ताम्हिणीच्या अलीकडे, हौसामावशीच्या भातखाचराला लागून जो ओढा आहे, तिथं त्याला तिबोटी खंड्या दिसला. मुठीएवढा, रंगांनी भरलेला पक्षी, आणि काठाच्या मातीत त्याचं घरटं. मंदारला इतका आनंद झाला, की फेसबुक, इन्स्टा, पक्ष्यांच्या नोंदीचं ॲप, झाडून सगळे व्हॉट्सॲप ग्रुप, सगळीकडे त्यानं फोटो टाकला. तोही जागेच्या नकाशासकट.

रविवारी आम्ही दोघं पुन्हा गेलो, तर रस्त्याला गाड्यांची ही रांग. हौसामावशी बांधावर उभी होती. म्हणाली, "मंदार, कुणाचं लगीन हाय का रं हितं?"

ओढ्यावर ट्रायपॉड लावून माणसंच माणसं. समोरच्या फांदीवर खंड्या, चोचीत पाल धरलेली. पिल्लांना भरवायला आला होता बिचारा, पण गर्दी बघून घरट्याकडे जाईना. मंदारनं तिथंच उभ्याउभ्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या. पण फोटो केव्हाच पुढं गेला होता. शेवटी तो चिखलात उतरला आणि लोकांसमोर हात जोडून उभा राहिला.

"आत पिल्लं उपाशी आहेत हो, जरा मागं सरका."

"काका, आधी तुम्ही बाजूला व्हा," मागून कुणीतरी ओरडलं, "फ्रेममध्ये येताय!"

मंदार वळला, तोवर फांदी रिकामी झाली होती. पुढच्या रविवारी ओढ्यावर कुणीच नव्हतं. खंड्यासुद्धा.