एकशे सत्त्याण्णवच्या पुढे

हॅलो? … हॅलो, कोण? … अय्या, काकू तुम्ही! थांबा हं, इथे फार गलका आहे, जिन्याखाली येते… हां, आता बोला.

… कामातच हो, काम काय संपतंय होय! उद्या सकाळी पुस्तकविक्री आणि अजून चाळीस खोकी फोडायचीत. … लोकांनी दिलेली जुनी पुस्तकं हो. तुमची तीन खोकी नाही का मी स्कूटरवरून नेली, दोन खेपा करून? … हां, तीच विक्री.

… जेवले. … खरंच जेवले, काकू.

… नाही, पगारबिगार काही नाही, सगळे हौसेनं येतात. फक्त मोठ्या बाईंचा कारभार कडक. निवृत्त मुख्याध्यापिका ना! … अहो, गळ्यात शिट्टी असते त्यांच्या. खोटं नाही सांगत. वाचनालयाच्या हॉलमध्ये शिट्टी!

… बोला ना. … आवाज असा का येतोय तुमचा? रडताय? … बरं, सर्दी. सर्दी तर सर्दी. … मग?

… परत हवीत? … अहो, रागवेन कशाला? तुमचीच आहेत. … हो, म्हणाला होतात खरं, "सगळी घेऊन जा, मला बारीक अक्षर दिसत नाही, ठेवून काय उशाला घेऊ?" … पण काकांना जाऊन तेव्हा पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. तेव्हाचं बोलणं कुणी धरून बसतं का?

… सगळी नकोत? एकच? … कुठलं? … निळ्या कापडी बांधणीचं. … जाडजूड. … बोटीवरच्या डॉक्टरच्या आठवणी.

… हो. … हो, आठवतंय. … चांगलं आठवतंय.

… नाही, काही नाही झालं. बोला तुम्ही.

… काका वाचून दाखवायचे, ते माहीत आहे की मला. भिंतीला भिंत लागून घर आपलं. दुकान बंद करून आले, हातपाय धुतले, की आवाज सुरू. आई म्हणायची, घड्याळं लावून घ्या, सहा वाजले. … आणि तुमचा हुंकार. तोही ऐकू यायचा! … हं… तो थांबला, की समजायचं तुम्हाला झोप लागली. … आणि मग पुस्तक मिटायचे. … आणि खूण करायचे.

… कसली खूण, काकू?

… समासात. पेन्सिलीनं. … आडवी बारीक रेघ, आणि खाली तारीख.

… हो. मुंगीएवढे आकडे. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचाच हात तो.

… मला कसं माहीत? … म्हणजे… तुम्हीच आत्ता म्हणालात ना, बारीक.

… ऐकतेय, ऐकतेय. फोन चालू आहे. … काकांनी दवाखान्यातही नेलं होतं ते? … हं. … हं. … आणि शेवटची खूण कुठल्या पानावर आहे, एवढंच हवंय तुम्हाला. … एवढंच. … नाही, जड काही नाही त्यात. … काकू… ते पुस्तक ना… गेलं.

… विकलं गेलं. … हो, विक्री उद्याच आहे. पण इथे काम करणाऱ्यांना आधी घेता येतं. तसं कुणीतरी… … नाव नाही माहीत. … चेहराही नाही आठवत हो.

… सॉरी, काकू. … असं कसं, "असू दे"? … बरोबर आहे, वाचणाऱ्याच्या हातात गेलं, पण… … काय सांगू त्याला? … भेटला तर सांगू, खुणा तेवढ्या खोडू नको म्हणून.

…

काकू, थांबा. ठेवू नका. … खोटं बोलले मी. पुस्तक इथेच आहे. … हो, हॉलमध्ये. पहिल्या टेबलावर, सगळ्यात पुढे.

… कारण सांगते ना. … बाईंचा नियम आहे, आत कुणी काही लिहिलेलं असलं की पुस्तक थेट रद्दीत. शाई असो, पेन्सिल असो. आम्ही प्रत्येक पुस्तक उलटं धरून झटकतो, पानं चाळतो, आणि रेघा दिसल्या की रद्दीच्या खोक्यात टाकतो. ते तर काकांचं पुस्तक. मी कसं टाकणार रद्दीत? म्हणून मी… बसून खोडलं.

… सगळं. … हो काकू, सगळं. दोन संध्याकाळी लागल्या. मऊ खोडरबर, एकाच दिशेनं, पान दुसऱ्या हातानं दाबून, वरून ब्रश. कागदाचा धागा उसवला नाही कुठे. बाईंनी सगळ्यांना बोलावून दाखवलं, काम असं करावं म्हणून. आणि मी फुशारले.

… काकू?

… काकू, बोला ना. … रागवा. वाटेल ते बोला.

… नाही, तारखा वाचल्या नाहीत. आकडे होते एवढं कळलं. वाटलं, घड्याळांचे नंबर असतील. … हो ना! दगड उलटून खाली काय आहे ते बघणारी मी. तुमच्या कुंडीतल्या गोगलगायी मोजून वहीत लिहिणारी. नेमकं तेव्हाच स्वतःला विचारलं नाही, हे काय आहे म्हणून. … शेवटची कुठे होती? … नाही आठवत. मधल्या पानांनंतर मी बघतच नव्हते, नुसता हात चालवत होते.

… तुम्ही नका ना मला समजावू. उलटं होतंय सगळं.

… थांबा. … थांबा थांबा थांबा. काका पेन्सिल कुठली वापरायचे? … ती कडक शिशाची? डायलवर खुणा करायची? … फोन ठेवू नका हं. आलेच.

बाई, ते निळं द्या जरा. … नाही बिघडत हो मांडणी. … सांगते नंतर, बाई, आत्ता द्या!

काकू, आहात? … ऐका. खोडरबर नुसतं शिसं उचलतं. पेन्सिलीनं कागद दबलेला असतो, तो तसाच राहतो. अंधारात उजेड अगदी आडवा टाकला, तर तो खळगा दिसतो. … शास्त्रज्ञबाई नका म्हणू हो, आज तर नकोच. … तुम्हाला स्पीकरवर टाकते, टॉर्च लागेल. जिन्याखाली अंधार आहे, ते बरंच झालं.

… पान बारा… आहे! आहे, काकू! रेघ दिसतेय. खाली… चौदा तारीख. … हो, खरंच! पान एकोणतीस, आहे. चाळीस, ठळक. … कुठलं? … शहाऐंशी? बघते. … नाही, तुम्ही म्हणता तर तिथे झोपल्या असाल, पण रेघ नव्वदवर आहे. चार पानं जास्त जाग्या होतात की! … हसा, हसा.

… एकशे दहा. आहे. … एकशे चाळीस… आहे, पण पुसट. … एकशे त्रेसष्ट. ही वाकडी आहे जरा. … पुसट का होत चाललंय?

… हो. … हात. तेव्हापासूनच थरथरायला लागला होता, नाही का? चमच्यातलं पाणी सांडायचं. … दाब कुठून येणार.

… एकशे सत्त्याण्णव. … आहे. नखानं ओढल्यासारखी. तारीख नाही लागत.

… बघतेय. … दोनशे, नाही. दोनशे चार, नाही. … मागच्या बाजूनंही बघितलं. बोट फिरवून बघितलं. … नाही, काकू. पुढे काहीच नाही.

म्हणजे एकतर तिथेच थांबले. नाहीतर पुढच्या खुणा इतक्या हलक्या होत्या, की कागद दबलाच नाही. वरवर शिसं लागलं असेल नुसतं. … आणि तेवढंच मी पुसलं. … हो. तेवढंच.

… अहो, पण तुम्हाला आठवत असेल की! एकशे सत्त्याण्णवपासून मी वाचते, नवीन काही आलं की सांगा. त्याच्या पुढचं मग…

… पुढचं नको? … मग?

… मागचं? … नाही समजलं, काकू. सावकाश सांगा.

… हं. … दवाखान्यात हुंकार तर द्यायचात ना? … अच्छा. … हुंकार द्यायचात आणि सलाइनच्या थेंबांकडे बघत बसायचात. … एक शब्द कानात शिरत नव्हता. … आणि ते वाचत होते. … रोज. … अर्धं पान का होईना.

… फसवणूक कसली हो ती! … कळलं असेल का त्यांना? … मला नाही सांगता यायचं. हो म्हणावंसं वाटतंय, नाही म्हणावंसं वाटतंय. नाही सांगता यायचं.

म्हणजे त्यांनी वाचलं आणि तुम्ही ऐकलं नाही, तेवढंच परत ऐकायचंय. … आणि ते थांबले तिथे थांबायचंय. त्याच्या पुढे एक ओळसुद्धा नाही. … हो. आणि कुठे थांबायचं, ते पुस्तकात लिहिलेलं होतं. … माझ्या हातात होतं, काकू.

… आत्ता? फोनवर? … नाही, बाई काय म्हणतील ते बघून घेईन. सहा वाजूनच गेलेत. … तुम्ही आधी पडा नीट. उशी घेतलीत? फोन उशीवर ठेवा. एकशे सत्त्याण्णवच्या खुणेपासून धरते. … हां.

"स्वयंपाक्याला ताप भरला तेव्हा किनारा सोडून आम्हाला नऊ दिवस झाले होते. बोटीवर माणसं एकवीस आणि स्वयंपाक येणारा तो एकटा…" … आठवतंय का? … नाही. … नाही, हरकत नाही. वाचते. हुंकार द्या मात्र. … आणि खरा द्या. मी विचारणार मधूनमधून. किती माणसं बोटीवर? … शाब्बास!

"… कप्तान म्हणाला, डॉक्टर, औषधं उकळता तशी भाजीही उकळा. …" … हं. … "तिसऱ्या दिवशी स्वयंपाक्याचा ताप उतरला. डोळे उघडून त्यानं विचारलं, जेवण कुणी केलं? मी म्हणालो, मी केलं. त्यानं एक घास खाल्ला, पांघरूण डोक्यावर ओढलं आणि म्हणाला, ताप परत आला…"

… हसलात! … हो, मलाही. … काय? … काका? … दवाखान्यात? … एकदा वाचताना एकटेच हसत सुटले होते, खोकला येईपर्यंत. … आणि तुम्ही? … ओरडलात. श्वास लागेल म्हणून. कशाला हसले, ते विचारलंच नाहीत.

… इथेच असेल, काकू. … दोनशे एक. … नक्की कसं म्हणू? पण दुसरं हसण्यासारखं काही नाही, मी आधीची चार पानं आत्ताच वाचली. … हो. इथपर्यंत आले होते ते. … रडा. मी आहे.

… वाचू पुढे? … नाही माहीत कुठपर्यंत. … ते माझ्याकडून गेलं ते गेलंच. अंदाजानं भरून नाही येणार. … बरं, वाचते. तुम्ही थांब म्हणेपर्यंत.

"वारा पडला होता. भरतीची वाट बघण्यावाचून काम नव्हतं. …" … हं. … "कप्तान कठड्याशी उभा राहून पाण्याकडे बघत होता. दूर बंदराचे दिवे दिसत होते, पण अंतर किती, ते कुणालाच सांगता येईना. मी खाली गेलो, रुग्णाची नाडी पाहिली…"

काकू? … ऐकताय? … नाडी कुणाची पाहिली, सांगा.

… काकू, झोपलात?

… श्वास ऐकू येतोय.

… शेवटचा हुंकार कुठे आला होता… नाडी नाही. बंदराचे दिवेही नाहीत. … त्याच्या आधी. भरतीपाशी. हो, भरतीपाशीच.

… शू! हळू, बाई, फोनवर झोपलंय कुणीतरी. … सांगते. आधी तुमची पेन्सिल द्या. … हो, ह्याच पुस्तकात. … जाऊ दे, रद्दीत धरा मग, घरी मीच नेणार आहे. … दोनशे दोन. आज तारीख किती?

… नाही, बाई. खोडरबर नको.