पन्नास वर्षांची नवरी

जबाब देणार : मी, खाली सही करणारी. पूर्ण नाव माझ्या हरवल्याच्या तक्रारीत लिहिलेले आहे. त्या कागदात तेवढीच एक गोष्ट खरी आहे, म्हणून पुन्हा सांगत नाही. गल्लीत मला सगळे माई म्हणतात.
वय : ७१ वर्षे.
धंदा : लिहून घेणाऱ्या बाईंनी न विचारताच 'काही नाही' असे लिहिले होते. ते खोडून 'घर चालवणे' असे लिहायला लावले.
राहणार : ज्या घरातून मी हरवले म्हणतात तेच घर, दुसरा मजला.

समक्ष पोलीस ठाण्यात, कोणी न बोलावता, कोणी हाताला न धरता, स्वतःच्या पायांनी चालत येऊन सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे यजमान, मुलगा आणि सून असे राहतो. यजमान जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले आहेत. मुलगा विमा कंपनीत आहे. मुलगी दोन रस्ते पलीकडे राहते. ती एका ऑफिसात हिशेब बघते आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना कमी खर्चात लग्नं, लग्नाचे वाढदिवस, मागणी घालायचे कार्यक्रम वगैरे आखून देते. तिला त्याचा नाद आहे. लोक तिचं कौतुक करतात, मीही आजपर्यंत करत होते.

उद्या रविवारी आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. मुलीने ठरवले की आईबाबांचं पुन्हा एकदा लग्न लावायचं, नव्या पद्धतीने आणि स्वस्तात मस्त. मी म्हटलं, "एकदा झालंय, पुरे झालं." ती म्हणाली, "अगं आई, तुमचं कसलं ते लग्न! दोन सह्या आणि कपभर चहा." हे खरे आहे. सह्या करून आम्ही घरी आलो तेव्हा सासूबाईंनी दारातच विचारलं होतं, "भात टाकता येतो ना?" मी आत जाऊन भात टाकला. असे आमचे लग्न झाले.

म्हणून या वेळी मी एकच मागणी केली. बाई, हे नीट लिहा. मी म्हटलं, "तुम्हाला काय नाचायचं ते नाचा, पण त्या दिवशी मी बसून जेवणार. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत, मध्ये एकदाही न उठता." मुलगी म्हणाली, "डन!" मुलगा म्हणाला, "एवढंच?" यजमान पेपर वाचत होते.

त्यानंतरच्या रविवारी मुलीने सगळ्यांना बसवून मोबाईलमधून बजेट वाचून दाखवले. हॉल, मुलाच्या ऑफिसचा, सवलतीत. खुर्च्या हॉलच्याच. फुलं मैत्रिणीच्या बागेतली. फोटो तिच्या नवऱ्याचा मित्र काढणार. जेवण, माणसं नव्वद, खर्च शून्य. मी म्हटलं, "शून्य कसं काय? नव्वद माणसं हवा खाऊन जाणार आहेत का?" ती म्हणाली, "अगं, तू आहेस ना! तुझ्या हाताची चव कुठल्या केटररला येणारे?" सगळे हसले. यजमानांनी पेपर खाली ठेवला आणि "अगदी बरोबर" म्हणाले. एवढंच ते त्या बैठकीत बोलले.

मी म्हटलं, "अरे, पण मी नवरी आहे ना?" मुलगा म्हणाला, "आई, तू तर मल्टिटास्किंगची राणी आहेस." राणीला नव्वद माणसांचे कांदे चिरावे लागतात हे मला ठाऊक नव्हते. दात कोरून पोट भरायचं असेल तर माणसाने निदान स्वतःचे दात कोरावेत.

तरीही मी कामाला लागले. का लागले असे बाईंनी विचारले. सवय, दुसरं काय! खिडक्यांचे जुने पडदे उसवून मी खुर्च्यांना कव्हरं शिवली. मंचावरच्या कमानीला झालर शिवली. निमंत्रणावरच्या फोटोत मी फिकट निळा पोशाख घातलेला आहे, तोही मीच शिवला, कारण मुलीच्या म्हणण्याप्रमाणे विकतचा 'बजेटमध्ये बसत नव्हता'. ती रोज संध्याकाळी यायची, सोफ्यावर बसायची आणि उंटावरून शेळ्या हाकायची. "आई, झालर थोडी वर घे." "आई, सूप आधी की नंतर?" आमच्या घरात आजवर जे जे स्वस्तात झालं, मुलाचं लग्न, मुलीचं लग्न, नातवंडांचे वाढदिवस, ते मी केलं म्हणून स्वस्तात झालं. मी राबायचं आणि तिने त्याला प्लॅनिंग म्हणायचं. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याला निदान लष्कर दिसतं तरी. मला सोफ्यावर बसलेली चार माणसं दिसत होती.

काल शुक्रवारी दुपारी घरी तालीम होती. उद्याच्या कार्यक्रमात यजमानांनी माझ्यापुढे एक गुडघा टेकून, "माझ्याशी पुन्हा लग्न करशील का?" असे विचारायचे होते. त्यांचा गुडघा दुखतो, म्हणून मुलाने त्यांच्यासाठी बुटकं स्टूल आणलं होतं. माझाही गुडघा दुखतो. मी सकाळपासून ओट्याशी उभी होते आणि बटाटे उकडत ठेवून, हात पुसत बाहेर आले होते. माझ्यासाठी कोणी स्टूल आणले नव्हते.

यजमान स्टुलावर बसले. मुलगी मोबाईल धरून म्हणाली, "बाबा, आधी सांगा ना, आईमधलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं?" यजमानांनी विचार केला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "हिने पन्नास वर्षांत मला कधी कशाला नाही म्हटलं नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी नाही म्हटले होते. हे जबाबात यायला हवे. बदलीच्या गावी जायला मी नाही म्हटले होते, आम्ही गेलो. शिवणवर्गातली नोकरी सोडायला नाही म्हटले होते, ती सुटली. दोन मुलांनंतर तिसऱ्या वेळी दवाखान्यात जायला नाही म्हटले होते. मला नेण्यात आले. त्याबद्दल अधिक काही सांगायचे नाही. मी कधी नाही म्हटलं नाही असं नाही. यांना ऐकूच गेलं नाही, आणि ऐकू न आल्याबद्दल काल टाळ्या वाजल्या.

मुलगी म्हणाली, "आई, आता तू लाजून 'हो' म्हण. आणि मग पटकन बटाटे बघ, जळल्याचा वास येतोय."

मी आत गेले. गॅस बंद केला. बटाटे खरंच लागले होते. मोबाईल फ्रिजमध्ये कांद्याच्या डब्यावर ठेवला, कारण तो बरोबर घेतला असता तर दर दोन मिनिटांनी 'मीठ किती' म्हणून वाजला असता. पर्स घेतली, चप्पल घातली आणि मागच्या जिन्याने उतरले. बाहेरच्या खोलीत तालीम चालू होती. माझ्या जागी सुनेला उभं केलं होतं.

मी बस पकडून शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. तिथल्या एका खानावळीत टेबलाशी बसले. एका माणसाने माझ्यासमोर ताट आणून ठेवले. भात गार होता आणि भाजीत मीठ कमी होते. तरी मी सगळं संपवलं आणि आणखी मागितलं. त्याने ते आणून दिलं. जेवताना मी एकदाही उठले नाही. नंतर जवळच्या बायकांच्या लॉजवर खोली घेतली, पैसे माझ्या पेन्शनचे नव्हेत, कारण मला पेन्शन नाही, शिवणकामातून साठवलेले होते. तिथे मला छान झोप लागली.

आज सकाळी लॉज चालवणारी बाई खोलीच्या दाराशी आली. ती माझ्याकडे बघायची आणि हातातल्या मोबाईलकडे बघायची. मग लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "आजी, आज वार कोणता? सात आठे किती?" मी म्हटलं, "छप्पन. का हो, तुमचा हिशेब अडलाय का?" तेव्हा तिने मोबाईल दाखवला. त्यावर निमंत्रणातला माझा निळ्या पोशाखातला फोटो होता. यजमानांना कापून टाकले होते, पण त्यांचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिला होता. खाली लिहिले होते : 'आमच्या आई हरवल्या आहेत. स्मृतिभ्रंशाचा त्रास आहे. त्या घर सोडून आल्याचे सांगतील, त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये. आढळल्यास थांबवून ठेवावे.' खाली मुलाचा नंबर होता.

साहेब, माझं आजवर आयुष्यात पुष्कळ लोकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण लेखी जाहिरात देऊन, सगळ्या शहराला, 'हिचं ऐकू नका' असं सांगितलेलं हे पहिल्यांदा. मी खरं बोलले तरी तो रोगच ठरणार. मी ओरडले तर रोग वाढला म्हणणार. साठी बुद्धी नाठी म्हणतात. माझी साठी होऊन अकरा वर्षं झाली आणि काल दुपारपर्यंत याच बुद्धीवर नव्वद माणसांचं जेवण बिनधास्त सोडलं होतं की नाही? तेव्हा नाही कुणाला स्मृतिभ्रंश आठवला!

म्हणून मी इथे आले. इथेही साहेबांनी आधी मला तारीख विचारली. मी तारीख सांगितली, वार सांगितला आणि भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे हेही सांगितलं. ते आता उलटलेले आहे.

साहेबांनी विचारले की मारहाण होते का, दारू आहे का, कोणी हाकलले का. नाही. यापैकी काही नाही. मग बाईंनी विचारले, "मग त्रास नेमका काय, माई?" मी म्हटलं, "बाई, आज तुमचा डबा कोणी केला?" पुढचे वाक्य त्यांनी जरा वेळाने लिहिले.

नंतर ठाण्यातून फोन केल्यावर मुलगा आणि यजमान आले. मुलाला साहेबांनी विचारले की आजाराचे काही कागद आहेत का. तो म्हणाला, "नाहीत साहेब. पण नुसतं रागावून गेली म्हटलं तर कोणी लक्ष देत नाही, म्हणून तसं लिहिलं. तिच्या चांगल्यासाठीच." मी त्याला म्हटलं, "माझ्या चांगल्यासाठी मला वेडी ठरवलंस? शाबास! आणि उद्या तुझ्या चांगल्यासाठी मी काय ठरवू?" तो मजकूर त्याने माझ्यासमोर मोबाईलवरून काढून टाकला आहे. त्याने ठाण्यात दिलेल्या तक्रारीतला 'स्मृतिभ्रंश' हा शब्दही काढावा अशी माझी मागणी आहे. त्याच्याविरुद्ध माझी दुसरी काही तक्रार नाही. तो माझा मुलगा आहे.

त्यानंतर साहेबांनी एक छापील कागद यजमानांपुढे ठेवला. 'सदर महिला मिळून आल्याने तिला पतीच्या ताब्यात देण्यात आले', असे त्यावर होते. यजमानांनी खिशातून पेन काढलं, विचारलं, "कुठे करू सही?" आणि केली. मोजणीच्या खात्यात पस्तीस वर्षं सह्या केल्या, हात तयार आहे. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. मी तो कागद ओढून घेतला. पिशवी हरवली, सापडली, सही करून घेऊन जा, असा हा प्रकार मला मान्य नाही. मी साहेबांना विचारले की माझा नवरा हरवला असता तर त्याला माझ्या ताब्यात दिले असते का. साहेब म्हणाले, "तसा कागद नाही, माई."

मुलगा म्हणाला, "आई, उद्या नव्वद माणसं येणार आहेत. मी त्यांना काय सांगू?" मी म्हटलं, "सांग, आई सापडली. स्वयंपाकीण हरवली आहे, ती तुमची तुम्ही शोधा." उद्या मी हॉलवर जाईन की नाही ते माझे मी ठरवीन. लॉजवरची खोली सोडलेली नाही.

यजमान बाहेर बाकावर बसले आहेत. काल दुपारपासून त्यांनी काही खाल्लेले नाही असे मुलगा म्हणतो. हे जबाबात लिहायचे कारण नव्हते, पण बाईंनी लिहिले आहे, तर राहू द्या. फ्रिज भरलेला आहे.

हा जबाब बाईंनी वाचून दाखवायला घेतला, पण तो मी त्यांच्याकडून घेऊन, चष्मा लावून, स्वतः वाचला. मी सांगितले तसाच आहे. कोणाच्या दबावाखाली दिलेला नाही. छापील कागदावरची यजमानांची सही रद्द केली असून 'पतीच्या ताब्यात देण्यात आले' हे शब्द खोडून तेथे 'स्वतःहून आल्या, स्वतःहून गेल्या' असे लिहिले आहे. खोडलेल्या जागी मी सही केली आहे.