अडकलेला पाय

नाही, तुम्हीच सांगा, आख्खी रांग एक पाय वर करून उभी! गमेलानचा वाद्यमेळ वाजतोय, गाँगचा ठोका पडून गेला, आणि पोरी ढिम्म! मी ढोलावर, हात हवेत तसाच... घाम फुटला हो! रांगेतल्या पहिल्या पोरीला, केनंगाला खुणावतोय, अगं टेकव! पण तिची नजर जमिनीवर, मीच शिकवल्याप्रमाणं! वादकांना दिसतंय, पोरींच्या आयांना दिसतंय, पण बोललं का कुणी? नाही!

तुम्हाला सांगतो, आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ कॉलनं नाच शिकवायचा आणि रविवारी बांतुलच्या पेंदोपोत, म्हणजे खांबांच्या मोकळ्या मंडपात, समोरासमोर, असं ठरलेलं. पेंदोपो कुणाचा? आमच्या गुरू, एयांग सुमार्सिह यांचा, एयांग म्हणजे आजी! त्या आधीच म्हणालेल्या, "विर्यांतो, फोटोत भात शिजतो का रे? येऊन बघते. नाही पटलं तर वर्ग बंद." बंद! आणि नेमक्या त्याच दिवशी समोर बसलेल्या! तेवढ्यात पोरींनी एकदम कमरेची ओढणी सप्पकन उडवली आणि नाच पुढं चालू!

संपल्यावर केनंगाला कोपऱ्यात घेतलं. "हे कुणी शिकवलं?"

"तुम्हीच की, पाक." पाक म्हणजे आमच्याकडं सर.

"मी?"

"व्हिडिओत तुम्ही असेच उभे होता. गमेलान चालू, तुम्ही स्तब्ध. पापणीसुद्धा हलली नाही. मग एकदम ओढणी!"

अहो, नेट अडकलं होतं! आवाज चालू, नुसतं माझं चित्र अडकलं होतं, आणि तसंच रेकॉर्ड झालं होतं! "अगं, शंका नाही आली तुला?"

"आली ना, पाक. आईलापण आली. पण गुरूंना असं कसं विचारायचं? बरं दिसतं का?"

म्हणजे सगळ्यांना शंका! घराघरांत चर्चा! पण बोललं का कुणी? नाही!

तेवढ्यात एयांगचं बोलावणं. गेलो, मोठ्यांपुढं जायच्या रीतीप्रमाणं, गुडघ्यांवर सरकत. मनात म्हटलं, संपलं! तर बाईंच्या डोळ्यांत पाणी! "काय ही स्थिरता, विर्यांतो! माझ्या गुरूंनंतर आज बघितली. वर्ग चालू ठेव. नाचातली ही थांबायची जागा मात्र बदलायची नाही हं. आणि पुढच्या रविवारी तू स्वतः नाचून दाखव."

आता इथं सांगायला नको होतं, की एयांग, ही स्थिरता नाही, नेट गेलं होतं? तोंड उघडलंसुद्धा... बोललो का मी? नाही! बाहेर काय पडलं? "हो, एयांग."

तेव्हापासून घरी तोच व्हिडिओ लावून एका पायावर उभा आहे... त्यातला मी हलत नाही हो, हा इथला मी हलतो!