कपाळापुरतं पानी

बसा, ती खाट वढून घ्या सावलीला. माजं नाव याकोब. गावात मला वॉलमन म्हनत्यात, कागदावर जलसुरक्षक म्हनून नाव हाय, म्हंजी गावाच्या पान्यात जंतू मारायची पावडर टाकायची, बाटल्या भरून तपासायला तालुक्याला न्यायच्या, वॉल सोडायचा न् बंद करायचा, एवढं सगळं माज्याकडं. श्रीरामपूरहून एष्टीनं आलात ना तुमी, मंग कालव्याच्या पुलावरनं दिसलीच असंल आमची वस्ती, चर्चचा क्रूस, शेजारी टाकी, आन् टाकीखाली लाल पाटी लावलेली विहीर. ती पाटी मीच लावली. पिण्यासाठी नाही, असं मीच माज्या हातानं रंगवलं तिच्यावर.

ती विहीर माज्या बापानं न् त्याच्या भावकीनं खांदली. मी तवा एवढासा हुतो, कमरेएवढा, टोपल्यातनं मुरूम वर यायचा तो मी बाजूला करायचो. पान्याची चव काय सांगू तुमाला. तूरडाळ दोन उकळ्यात मऊ व्हायची. पावना आला की चहाच्या आदी त्याला तांब्याभर पानी द्यायचं न् त्याच्या तोंडाकडं बघत बसायचं, तो वा म्हनला की आमाला बरं वाटायचं, जसं काय आमीच ते केलंय. पाळकसायेब मला चिडवायचे, याकोबा, बायबलात पन तुज्या नावाची विहीर हाय, बस तिच्यावर, कुनीतरी पानी मागायला येईल. मी बसायचो पन. आजबी बसतो, पन मागायला कुनी येत न्हाई आता.

आन् आमच्या वस्तीत एक रीत हाय. लेकराचा बाप्तिस्मा असला की त्याचं पानी लेकराच्या आईच्या बापानं आनायचं, कुठल्याबी गावचा असंना, त्यानं सकाळी येऊन आमच्या विहिरीत पोहरा सोडायचा, पितळंचा तांब्या भरायचा आन् कुनाशी न बोलता चर्चात न्यायचा. माजी लेक रूथ, तिचा तांब्या माज्या सासऱ्यानं आनला हुता, म्हातारा गुडघ्यानं अधू, तरी दुसऱ्याला हात लावू दिला न्हाई. मी तवाच मनात धरलं, रूथच्या लेकराचा तांब्या मी आननार. एकच लेक हो मला. तिचं लगीन झालं, पुन्याला गेली, तरी येईल तवा परत जाताना क्यान भरून विहिरीचं पानी न्यायची. जावई हसायचे, म्हनायचे पुन्याला काय नळ न्हाई का. ती म्हनायची तुमाला न्हाई कळायचं.

पयलं बाळंतपन माहेरीच. पोरगी झाली. पन रूथला ताप भरला, दूध आटलं, डॉक्टरनी डब्यातली दुधाची पावडर लिहून दिली. मी म्हनलं पान्याची काळजी कुनी करायची न्हाई, पानी माजं खातं हाय. माजी बायको मार्था लेकराला न्हाऊ घालायची न् मी पानी उकळायचो. नुसतं उकळायचो न्हाई, तास तासभर चुलीवर ठेवायचो, निम्मं हुईस्तवर, म्हनलं आपल्या नातीला एक जंतू जायला नको. लई अभिमान हुता मला त्या पातेल्याचा, काय सांगू.

चार-पाच दिस गेले आन् पोरीचे ओठ जांभळे दिसायला लागले. मार्था म्हनली थंडी वाजती, गुंडाळा. गुंडाळलं. मंग नखं जांभळी झाली. रडनं बारीक झालं. तवा मातर शेजारच्या पोराची जीप काढली न् श्रीरामपूर, तिथल्या दवाखान्यानं नगरला धाडलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी सुई टोचून रक्त काढलं, ते लाल नव्हतंच, चाकलेटी हुतं. त्या म्हनल्या पानी कुठलं घालता दुधात. मी म्हनलं बाई, विहिरीचं, पन मी सोता पावडर टाकतो त्याच्यात, आन् तासभर उकळतो. मंग म्हनल्या, काका, गुऱ्हाळ बघितलंय का. म्हनलं आमच्या भागात न बघितलेला कोन हाय. म्हनल्या रस आटला की मागं काय राहतं. म्हनलं गूळ. म्हनल्या तेच झालं बघा, तुमच्या पान्यात नायट्रेट हाय, ते पावडरीनं मरत न्हाई आन् उकळून जात न्हाई, पानी आटतं न् ते मागं राहतं, घट्ट हुतं, लहान लेकराच्या रक्ताला ते सोसत न्हाई.

मी तिथंच फरशीवर बसलो.

कारन खरं सांगू का तुमाला, मला ते नाव आदी म्हाईत हुतं. वर्साला एकदा मोठी तपासनी हुती, तिचा कागद आल्ता, त्याच्यावर लिहिलं हुतं नायट्रेट मर्यादेच्या वर. मी वाचला. मला वाटलं हे बी जंतूसारखंच कायतरी असंल, म्हनून दुसऱ्या दिसापासनं दुप्पट पावडर टाकायला लागलो. लोकं म्हनली वास येतो, मी म्हनलं येऊ द्या, पानी चोख हाय. कुनाला विचारलं न्हाई. विचारलं असतं तर माजी वॉलमनकी कमी झाली असती का? पन न्हाई विचारलं.

पोरगी वाचली, देवाची दया. औषध दिलं, दोन दिसात ओठ गुलाबी झाले. रूथ मला वंगाळ कायबी बोलली न्हाई. खाटंच्या पलीकडनं एवढंच म्हनली, बाबा, तुमी तर पानी तपासता ना. बास. तिथनंच पुन्याला गेली. पोरीचं नाव एस्तेर ठेवलं, बाप्तिस्मा तिकडंच केला, नळाच्या पान्यानं. मला बोलावलं हुतं, मी गेलो, हात रिकामे घेऊन मागच्या बाकावर बसलो.

मंग भूजलवाले सायेब आले, विहिरीभोवती फिरले न् माज्या गोठ्यापाशी थांबले. गोठा विहिरीपासनं बारा पावलं. शेनाचा खड्डा तिथंच, मुताचा नाला तिथंच, सगळं जिरतंय कुठं तर खाली. ज्या गाईंच्या दुधावर रूथला शिकवलं त्याच गाईंचं हो. आन् भवतीनं ऊस, त्याला युरिया, पाटाचं पानी, ते बी खालीच जिरतंय. गोठा मी आठ दिसात हलवला, पार वड्याच्या कडंला नेला. उसाचं मातर माज्या हातात न्हाई. शेजारच्या नानांकडं गेलो, म्हनलं नाना, युरिया जरा आवरा. नाना म्हनले, याकोबा, तू तुजं पानी सांभाळ, माजा ऊस मी सांभाळतो. मी रोज जाऊन त्यांच्या बांधावर बसायला लागलो, बोलायचो न्हाई कायबी, नुसता बसायचो. वैतागले आन् दोन वाफे शेनखतावर करून बघतो म्हनले. आता निम्मा ऊस तसा हाय त्यांचा.

गावाला पानी कसं देतो विचाराल, तर कालव्याला आवर्तन, म्हंजी पाळीचं पानी, सुटलं की साठवन तळं भरून घ्यायचं. वापराला पुरत न्हाई म्हनून त्याच्यात विहिरीचं थोडं मिसळायचं, पन तपासून, किती मिसळलं की मर्यादेच्या खाली राहतं ते बघून. आवर्तन लांबलं की तळं खाली जातं, मंग मी घरोघर सांगत फिरतो, पान्याचा हात आवरा, मी विहिरीचं वाढवनार न्हाई. शिव्या देत्यात. देऊ द्या. तान्ह्या लेकराच्या घरी तर शुद्ध पान्याचा जार मी सोता नेऊन ठेवतो. आन् दर महिन्याला विहिरीची बाटली भरतो, किटमधलं औषध टाकतो न् बघत बसतो. नायट्रेट असलं की पानी गुलाबी हुतं. आदी गुलाल कालवल्यावानी व्हायचं. आता जरा फिकं हुतं. पन हुतंच.

रूथ यायची, न्हाई असं न्हाई. सकाळी यायची, संग पान्याच्या बाटल्या, न् दिस कलायच्या आत निघायची. मार्था म्हनायची र्‍हा की गं एक रात. ती म्हनायची पोरीची शाळा हाय. एस्तेर विहिरीत वाकून बघायची न् मला विचारायची, आजोबा, हे प्यायचं न्हाई ना. म्हनलं न्हाई बाळा. मला वाटायचं, हिला एकदा ती चव कळायला पायजे हुती. लई वाटायचं हो. अजून वाटतं.

अन् ह्या नाताळाच्या आदी रूथचा फोन. तिला दुसरं लेकरू, मुलगा झालाय, तिकडंच दवाखान्यात झाला. म्हनली, बाबा, बाप्तिस्मा हाय, तांब्या घेऊन या. मी म्हनलं, कोनचं पानी आनू. ती म्हनली, कोनचं म्हंजी? आपल्या विहिरीचं. मी फोन मार्थाकडं दिला.

निघायच्या दिवशी सकाळी पोहरा सोडला, आन् तांब्या भरायच्या आदी बाटलीत घेऊन तपासलं. मनात म्हनलं आजच्या दिस तरी. गुलाबीच झालं. फिकं, पन गुलाबी. तांब्याला फडकं बांधलं न् मांडीवर धरून एष्टीत बसलो, पुन्यापत्तोर कुनाशी बोललो न्हाई. तिथल्या पाळकसायेबांना आदीच सांगितलं, हे कपाळापुरतंच हाय, तोंडात जाऊ द्यायचं न्हाई. ते म्हनले काका, तीन थेंब तर असत्यात. म्हनलं व्हय, तरी.

त्यांनी नाव घेऊन एकदा पानी घातलं, दुसऱ्यांदा घातलं, तिसऱ्यांदा घातलं तवा एक थेंब कपाळावरनं नाकाशी घसरला न् लेकरानं तोंड उघडलं. रूथच्या हातात लेकरू, ती नुसती माज्याकडं बघतीय. मी रुमाल काढला न् पुसलं. सगळ्या चर्चासमोर माज्या बापाच्या विहिरीचं पानी मी माज्या नातवाच्या ओठावरनं पुसून घेतलं. पाळकसायेब प्रार्थनेत मदीच थांबले. माज्या डोळ्याला धार लागली, तोच रुमाल मी डोळ्याला लावला.

बाहेर आल्यावर रूथनं माजा हात धरला. म्हनली, बाबा, उन्हाळ्यात राहायला येऊ का, महिनाभर, दोघांला घेऊन.

आता येनार हाय ती, शाळा सुटली की. मार्थानं नवा माठ आनलाय, त्याच्यात जारचंच पानी भरायचं असं माजं सांगनं हाय. आन् परवा मी विहिरीच्या पाटीला ताजा लाल रंग दिला, अक्षरं पुसट झाली हुती, म्हनलं ती यायच्या आदी ठळक दिसू द्या. ती विहीर माज्या जल्मात गोड व्हायची न्हाई, मला कळतंय. नातवाच्या लेकीच्या लेकराच्या वेळी झाली तर झाली, तांब्या त्यानं न्यावा. देव तुमच्या लेकराबाळांला चांगलं पानी देवो. चहा घ्या, निवतोय. कालव्याच्या पान्याचा हाय, भ्यायचं न्हाई.